जिना मला पाठ आहे

"मॅडम, खेळाचा तास म्हटला की माझ्याच पोटात गोळा येतो. मुलं हसली तर? त्यापेक्षा बसलेला बरा." अपंगत्व असलेल्या मुलांच्या आयांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की वाक्य कुठे संपणार तेही आता कळतं.

सातवीतला हा मुलगाही बसूनच असे. नजर फार अधू. सर त्याला गुण लिहायला बसवत. ज्याला चेंडू दिसत नाही, त्याला गुण लिहायला!

ह्याचं काय करावं असं शाळेनं मला विचारलं तेव्हा पहिली चूक मीच केली. वर्गाच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून पाच मिनिटं चालायला लावलं. पुढच्या भेटीत तो वैतागलेला.

"आता सगळे मला हात धरून जिन्यावरून नेतात."

"मग वाईट काय त्यात?"

"मॅडम, जिना मला पाठ आहे."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पाच मिनिटांच्या अंधारात मुलांना कळली ती फक्त भीती. त्यानं वर्षानुवर्षं कमावलेलं कसब नाही. भीतीतून कीव येते, दोस्ती नाही.

मग आम्ही गोलबॉल आणला. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये तो तयार झाला. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, पट्टी सगळ्यांनाच. आत घंट्या असलेला सव्वा किलोचा चेंडू जमिनीलगत सोडायचा, समोरच्यांनी आडवं पडून अडवायचा. आपण कुठे आहोत हे कळावं म्हणून रेघांच्या चिकटपट्टीखाली दोरी असते. बघणाऱ्यांनी चिडीचूप बसायचं. (सातवीच्या वर्गाला हे सर्वांत जड गेलं.)

सामन्याआधी खेळाचे तीन तास नुसता सराव घेतला. तिसऱ्या दिवशी वर्गाचा मॉनिटर जमीन चाचपत भलत्याच दिशेला सरकत होता. ह्यानं अंगठ्यानं रेघ चाचपली, क्षणभर कान दिला आणि म्हणाला, "अर्धा हात डावीकडे ये." मॉनिटर मुकाट सरकला. चेंडू त्याच्याच पोटावर येऊन थडकला. पट्टी काढल्यावर त्यानं विचारलं, "तुला कळलं कसं?"

असा प्रश्न ह्या मुलाला वर्गात कुणी कधी विचारला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर माणसाच्या आपलेपणाच्या भावनेला फार महत्त्व देतात. मी त्यांच्याच वाटेवरची. माझा अनुभव असा, की मुलाला कौतुकापेक्षा आपली गरज पडलेली जास्त भावते.

म्हणून पालकांनो, शिक्षकांनो, आधी भाषण नको, खेळ हवा. मूल चाकांच्या खुर्चीवर असेल, तर बैठं व्हॉलीबॉल बघा. तिथे सगळेच जमिनीवर बसतात आणि पुरुषांसाठीही जाळं १.१५ मीटरवरच असतं. खेळ ठरवण्याआधी मुलाला विचारा. त्याला मंचावर उभं करू नका. वर्गाचे प्रश्न दडपू नका, पण उत्तर द्यायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

आई परवा आली ती तक्रार घेऊनच. "कोपर सोलून आलाय. मलम लावू देत नाही. म्हणतो, खेळात एवढं होतंच."