साइड स्कॅन सोनारचा फिश सोडण्याआधी

अरे, फिश म्हणजे बोटीमागे केबलने ओढायचं, आवाजाच्या लहरींनी समुद्रतळाचं चित्र काढणारं यंत्र. आधी त्याच्या शॅकलची (केबल जोडायच्या धातूच्या कडीची) पिन तारेने बांधलीय का ते स्वतः हात लावून बघ, सेफ्टी लाइनशिवाय फिश डेकवरून उचलूच नको. बोट हळू पुढे चालू असतानाच सोडायचा आणि तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) बजावून ठेव की फिश पाण्यात असताना रिव्हर्स नाही म्हणजे नाही, केबल ढिली पडली की थेट पंख्यात जाते. रेंज (फिश एकेका बाजूला जितकं लांब बघतो ते अंतर) 50 मीटर असेल तर तळापासून 5 ते 10 मीटर वर ठेव, स्पीड 4 नॉट्सच्या आसपास. वळण मोठं घे, स्पीड पडला की फिश खाली बसतो, म्हणून वळायच्या आधीच थोडी केबल ओढून घे. कोकणात पुढे जाळ्यांचे बोये दिसले तर सर्व्हेची लाइन अर्धी राहू दे, फिश वर घे. आणि डेकवरच्या केबलच्या वेटोळ्यात कुणाचाही पाय नको!