लग्न केलं तर चित्रं सुटतील का?

गाणं, नाच, लेखन. कला बदलते, पण हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. एका चित्रकार मुलीशी झालेल्या समुपदेशनाच्या अनेक बैठकांमधलं थोडं बोलणं, ओळख पुसून, इथे देते.

"स्थळ चांगलं आहे. पण चित्रं सुटली तर?"

"सोडायला कोण सांगतंय?"

"कुणीच नाही. आई म्हणते, हौस म्हणून चालू ठेव."

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फची 'टू द लाइटहाउस' (१९२७) तिची आवडती कादंबरी. मी विचारलं, "त्यातल्या चित्रकार लिलीला चित्रापासून कोण अडवतं?"

"टॅन्स्ली. बायकांना चित्रं काढता येत नाहीत म्हणतो."

"त्याचा राग तरी येतो. आणि मिसेस रॅमसे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. लिली आणि टॅन्स्ली ज्यांच्या घरी पाहुणे आहेत, त्या मिसेस रॅमसेंची लिलीवर माया आहे. म्हणूनच तिनं विल्यम बँक्स या दुसऱ्या पाहुण्याशी लग्न करावं असं त्यांना वाटतं. तिची चित्रं मात्र त्या फारशी मनावर घेत नाहीत.

"मला लग्नाची भीती नाहीये," ती म्हणाली. "आईला दुखवण्याची भीती आहे."

मी मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनात दडलेल्या भावना बोलण्यातून शोधण्याच्या वाटेनं काम करते. विरोधाला उत्तर देता येतं, मायेला देता येत नाही, हे मला तिथेच उमगलं. वुल्फनंही लिहून ठेवलंय: आई गेली तेव्हा ती १३ वर्षांची होती, पण ४४ व्या वर्षापर्यंत आईनं तिचं मन व्यापलं होतं. ही कादंबरी लिहून झाली आणि आईचा आवाज ऐकू येईनासा झाला.

मग व्यवहार. तैलरंग मांडणं आणि ब्रश धुणं यातच अर्धा तास जातो, त्यामुळे रोजचा सुटा तास फुकट जातो. आठवड्यातून दोनदा सलग तीन तास हवेत. उठण्याआधी पुढचं काम ठरवून ठेवावं. लिली जेवणाच्या टेबलावर मीठदाणी सरकवून ठेवते, चित्रातलं झाड मध्याकडे घ्यायचंय याची खूण म्हणून. आणि मुलाला "चित्रं काढलेली चालतील का?" असं विचारूच नये, "हरकत नाही" म्हणायला कुणाचं काय जातं? विचारावं, रविवारी ९ ते १२ मी दार लावून बसले आणि पाहुणे आले, तर चहा कोण करेल? ईझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी, कुठे राहील? टर्पेंटाइनचा वास चालेल?

तिनं विचारलं. तो म्हणाला, "चहा मी करेन. वासाचं आईला विचारावं लागेल."

"मीच विचारते त्यांना," ती म्हणाली.