बँकॉकमध्ये एकच दिवस मोकळा आहे. सोबत सत्तरीतले सासू-सासरे आणि दोन लहान मुलं. काय बघावं?

तुमच्या यादीत सफारी वर्ल्ड, तरंगता बाजार, राजवाडा, दोन मॉल आणि रात्रीची क्रूझ आहे. हे सगळं एका दिवसात बसवलंत तर सासू-सासऱ्यांना बँकॉक म्हणून टॅक्सीची काच तेवढी लक्षात राहील. ट्रॅव्हलवाले नेतात तो दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. सफारी वर्ल्ड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मॉल तुमच्याकडेही आहेत.

मी नोकरीमुळे इथे राहते. आमच्याकडे पुण्या-मुंबईहून पाहुण्यांची ये-जा सतत चालू असते आणि त्यात आजी-आजोबा हमखास असतात. त्यांना मी दिवसभर चाओ फ्राया नदीकाठचा एकच भाग दाखवते. राजवाडा, वाट फो आणि समोरच्या तीरावरचं वाट अरुण. वाट म्हणजे देऊळ किंवा विहार. तिन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत आणि मध्ये फक्त नदी आहे.

राजवाड्याच्या फाटकाशी ८.३० च्या आधी पोहोचा. उशीर झाला की ऊन आणि टूरबसा एकदमच येतात. तुम्ही सहाजण, म्हणजे एका टॅक्सीत मावणार नाही. ॲपवरून मोठी गाडी मागवा, नाहीतर दोन टॅक्सी करून मीटर टाकायला सांगा. परदेशी माणसाला तिकीट ५०० बात (इथलं चलन) आहे. १२० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना लागत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंची साडी आणि तुमचा पंजाबी ड्रेस चालेल, अडचण येते ती बर्म्युडा घातलेल्या पुरुषांची. सासऱ्यांना आणि ह्यांना फुल पँट घालायला सांगा.

फाटकाच्या आसपास एखादा नीटनेटका गृहस्थ गोड बोलून सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, तोवर वीस बातमध्ये टुकटुकने फिरवून आणतो." ते टुकटुक, म्हणजे इथली रिक्षा, रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबतं. त्याच्याकडे न बघता थेट तिकीटखिडकीपर्यंत जा. बंद असलंच तर तिथे कळेल.

आत गेल्यावर लोक राजवाड्याच्या आवारातल्या देवळात पाचूच्या बुद्धाकडे धावतात. ही मूर्ती प्रत्यक्षात हिरव्या जेड दगडाची आहे आणि जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच. पहिला राम म्हणून ओळखला जाणारा राजा गादीवर येण्याआधी सेनापती होता, तेव्हा १७७९ मध्ये त्याने ती लाओसमधल्या व्हिएन्तियानहून आणली. नवी राजधानी आणि हा राजवाडा उभा राहायला लागला तो १७८२ पासून. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंत मूर्तीची वस्त्रं बदलतात आणि तो मान राजाचा. आपल्याकडच्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. आत बसताना पाय मूर्तीच्या दिशेने पसरू नका. फोटोलाही मनाई आहे.

पण माझं मत विचाराल तर खरी गंमत बाहेरच्या ओवऱ्यांत आहे. देवळाच्या चारही बाजूंनी छपराखाली भिंतभर रामायण रंगवलंय, इथलं रामाकिएन. एकूण १७८ चित्रं. सुरुवात उत्तरेकडच्या दारापासून, जनकाला सीता सापडते तिथून, आणि पुढे प्रदक्षिणेच्या दिशेने जायचं. सावली आहे आणि चढ-उतार नाहीत. आजोबांना कथा माहीत असल्यामुळे गाइडही तेच होतात. सोनेरी वर्ख लावलेले रथ, हिरवा राम, पांढराशुभ्र हनुमान. रावणही हिरवाच, त्यामुळे मुलांचा आधी गोंधळ उडतो, मग मुकुट बघून ती ओळखायला लागतात.

एका चित्रात हनुमान डोंगराएवढा झालाय आणि रामाचा तंबू त्याने चक्क तोंडात धरून ठेवलाय. रात्री मैयराब येऊन रामाला पळवून नेणार आहे, म्हणून हा पहारा. मैयराब म्हणजे आपला महिरावण! माझ्या आत्याने हे चित्र बघून लगेच विचारलं, "मग मकरध्वज कुठाय?" तोही पुढे आहे, नाव मच्छानु. मात्र तो घामाच्या थेंबातून जन्मलेला नाही. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवून नेणाऱ्या मत्स्यकन्येवर, म्हणजे रावणाच्या मुलीवर, त्याचा जीव जडतो आणि मच्छानु हा त्यांचा मुलगा. सासरे मारुतीचे भक्त असतील तर आधी कानावर घालून ठेवा. आत्याने दोन मिनिटं तोंड वाकडं केलं, पण मग त्या मत्स्यकन्येसमोरच सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली. या ओवऱ्यांना तास-दीड तास द्या, बाकीचा राजवाडा बाहेरून बघितला तरी चालेल.

तिथून वाट फो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सासूबाईंना जमणार नसेल तर टुकटुक करा, मुलांचीही हौस भागेल, फक्त भाडं बसण्याआधी ठरवा. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, कुठूनही फोटोत पुरता मावत नाही. सगळे चेहऱ्यापाशी गर्दी करतात. तुम्ही पायांकडे जा. काळ्या तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत. मागच्या भिंतीलगत १०८ काशाची भांडी ओळीने मांडलेली आहेत. थोडे पैसे देऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि चालत चालत प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकायचं. खणखण चालूच असते, मुलं यात खूश. थाई मसाजची जुनी शाळाही इथेच आहे. सासूबाई तयार झाल्या तर अर्धा तास पाय चेपून घेऊ दे.

शाकाहारी जेवणाची काळजी तुम्ही लिहिली आहे, आणि ती रास्त आहे. 'व्हेज' म्हणून आलेल्या भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'เจ' असं चिन्ह दिसलं तर तिथे मांस-मासेच काय, कांदा-लसूणही नसतो, पण ज्येष्ठांना ती चव रुचेलच असं नाही. त्यापेक्षा वाट फोजवळच्या सनाम चाय स्टेशनवरून मेट्रोने एकच स्टेशन, साम योत. तिथून थोडं चाललं की फाहुरात, इथली भारतीयांची वस्ती आणि कापडबाजाराची पेठ. मोठा गुरुद्वारा आहे आणि आसपास पोळी-भाजी, डाळ-भात मिळतो. सनाम चाय स्टेशनही बघून घ्या, आतून दरबारासारखं सजवलंय आणि एसी आहे. १ ते ३ ही वेळ अशीच सावलीत काढा, एप्रिल-मेमध्ये येत असाल तर नक्कीच.

चारच्या सुमाराला परत या आणि ता तिएन धक्क्यावरून पलीकडची फेरीबोट पकडा, माणशी ५ बात. वाट अरुण म्हणजे सूर्याच्या सारथ्याच्या, अरुणाच्या नावाचं देऊळ. पाचूचा बुद्ध आधी इथेच होता. मनोऱ्यावर रंगीत चिनीमातीचे तुकडे बसवून फुलं केली आहेत, ती खालून हात लावण्याइतक्या जवळून दिसतात. पायऱ्या भलत्याच उभ्या आहेत. मुलांना तुम्ही घेऊन जा, आजी-आजोबांना खाली बसू दे.

क्रूझचं विचारलंत, तर माझ्या मते गरज नाही. वाट अरुणच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट साथॉर्नपर्यंत जाते. तीच नदी, तोच वारा, आणि भाडं क्रूझच्या मानाने काहीच नाही. बोटीत भिक्खूंसाठी राखीव जागा असते, तिथे बसू नका. या बोटी रात्री उशिरापर्यंत नसतात, म्हणून सहा वाजायची वाट न बघता निघा. साथॉर्नला उतरलात की समोरच सफान ताक्सिन हे स्कायट्रेनचं स्टेशन आहे, हॉटेल सुखुमवितकडे असेल तर सयाम स्टेशनला गाडी बदला.