'कधीपासून?' हे आधी विचार

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर उभं राहून तू सर्वेक्षणाचे १२० फॉर्म भरून घेतलेस, निम्म्याहून जास्त लोकांना 'संसद-निवडणुकीची पर्वा न करणारा खंबीर नेता' हवासा वाटला, त्यात तुझे सख्खे मामाही निघाले, आणि आता तुला वाटतंय की माणसांच्या मनातच विष आहे. तुझी घालमेल कळते. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

तू 'का?' विचारलंस. 'का?' विचारलं की माणूस भाषणात ऐकलेलं वाक्य तुला परत करतो. 'कधीपासून?' विचार. अशा नेत्याबद्दलच्या सहानुभूतीला तारीख असते आणि त्या तारखेच्या आसपास काहीतरी घडलेलं असतं. कंपनीला टाळं लागलेलं असतं, गाळा बंद पडलेला असतो, पुनर्विकास रखडलेला असतो.

जर्मनीचंच बघ. १९२३ च्या चलनवाढीने हिटलर आला, असं सर्रास सांगतात. पण मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला मतं होती २.६ टक्के. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मग कधीपासून? मंदी आल्यावर, सरकारने पगार आणि भत्ते कापल्यावर. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांच्या घरात होते. इथेही घाई करू नकोस. बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींकडे वळले त्यांत प्रॉटेस्टंट भागातले शेतकरी, छोटे दुकानदार, कारागीर बरेच होते. त्यांचं सगळं गेलं नव्हतं, जाईल अशी धास्ती होती. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचार, 'तेव्हा काय गेलं, किंवा काय जाईल असं वाटलं?' आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये मतं ३३.१ वर उतरली होती, तरीही ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं. सगळं खापर मतदारावर फुटत नाही.

आता तुझा फॉर्म. 'हवा ना?' असं विचारलं की अर्धे लोक शिष्टाचार म्हणून हो म्हणतात. 'खूप चांगलं, बरं, वाईट, खूप वाईट' असे चार पर्याय दे, आणि तसेच चार पर्याय लोकशाहीबद्दलही दे. दोन्हींना चांगलं म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते गोंधळलेले आहेत असं लिहून मोकळी होऊ नकोस, त्यांना 'कधीपासून?' विचार.

सॅटिस सोड. तिथे बसच्या रांगेत असलेलाच माणूस मिळतो. दिवा किंवा लोकमान्य नगर अशा वस्तीत जा, गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवड, दर पाचव्या घराची कडी वाजव. माणूस नसेल तर तीनदा परत जा, शेजारच्या घरावर भागवू नकोस. सकाळी ११ ला गेलीस तर पहाटेच्या लोकलने जाणारा सुटतो आणि नेमकं त्याचंच मत हरवतं. ४०० घरं नीट निवडलीस तर चूक सुमारे ५ टक्के इकडेतिकडे. ती निम्मी करायची तर १६०० लागतील. नीट न निवडलेली लाखो माणसंही उपयोगाची नाहीत. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक कौल परत आले, तरी अंदाज रूझवेल्ट हरण्याचा निघाला, आणि रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं मिळवून जिंकले.

नाक्यावरचा कार्यकर्ता शेजारी उभा असेल तर फॉर्म मिट, चहा पी, नंतर ये. लोक उघड बोलायला कचरतात म्हणून कुणीतरी तुला यादीचा प्रयोग सुचवेल, म्हणजे निम्म्यांना तीन विधानं, निम्म्यांना तीच तीन आणि वर एक नाजूक चौथं, आणि 'किती पटली' एवढंच विचारायचं. सरासरीतल्या फरकावरून चौथं किती जणांना पटलं ते निघतं. पद्धत चांगली आहे, पण ४०० माणसांवर चूक १५ टक्क्यांच्या आसपास जाते. राहू दे.

ऐकून घेणं म्हणजे पाठीशी घालणं, असं मला अनेकांनी सुनावलंय. मी हट्ट सोडलेला नाही. द्वेष चूकच आहे, त्यावर आपल्यात वाद नाही. पण ज्याची तारीख माहीत नाही त्या दुखण्यावर तू औषध कसलं देणार? माझ्या जुन्या प्रश्नावल्यांमध्ये 'कधीपासून?'चा रकाना नव्हता. ते फॉर्म आता काही सांगत नाहीत, याची खंत मला आहे, म्हणून तुला इतकं टोचतोय.

नवा फॉर्म छापण्याआधी मामांकडे जा. वाद घालू नकोस. वर्ष विचार, त्यावर्षी घरात काय चाललं होतं ते विचार, त्यांच्याच शब्दांत उतरवून घे आणि तो कागद मला दाखव.