आठ मासे, अडीच फुटांची टाकी आणि चाळीस हजारांची थकबाकी

लातूरच्या एका शिक्षक वाचकांचा प्रश्न असा आहे. त्यांनी खाऱ्या पाण्याची अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी बसवली आहे. महागाई भत्त्याच्या थकबाकीतून त्यांच्याकडे 40,000 रुपये उरले आहेत. दुकानदार क्लाऊनफिशच्या दोन जोड्या, एक ब्लू टँग आणि तीन डॅमसेल असे आठ मासे 12,800 ऐवजी 11,500 रुपयांत द्यायला तयार आहे. पाणी थंड ठेवणारा चिलर 28,000 रुपयांना आहे, पण "यंदा पंख्यावर भागवा, चिलर पुढच्या वर्षी घ्या," असा दुकानदाराचा सल्ला आहे. वाचकांचे म्हणणे असे की विजेचा खर्च तीन माशांना आणि आठ माशांना सारखाच येणार असेल, तर आठ घेतल्याने माशामागे खर्च कमी पडतो. मग आठच का घेऊ नयेत?

तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम आपण बँकेत वेगळी ठेवली आहे, त्यामुळे या छंदावर खर्च करण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती माशामागे खर्च काढण्याच्या पद्धतीला. काळीपिवळीत माणसे वाढली की भाडे वाटले जाते हे खरे, पण तिथला चौदावा प्रवासी निदान दाराला लटकू शकतो. टाकीत प्रत्येक नवा मासा आधीच्या माशांच्याच प्राणवायूत वाटेकरी होतो आणि त्याच पाण्यात घाण करतो.

आपल्या टाकीचे माप 110 लिटरचे असले, तरी दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे 90 लिटरच राहील. तीन लहान मासे असतील तर आठवड्याला 10 लिटर पाणी बदलून भागते. लिटरमागे साधारण 37 ग्रॅम समुद्री मीठ लागत असल्याने वर्षाला 19 किलोंच्या आसपास मीठ होते, म्हणजे आपण लिहिलेली 6,000 रुपयांची 20 किलोंची एक पिशवी. आठ माशांसाठी पाणी दुप्पट बदलावे लागेल असे धरले, तर दर वर्षी आणखी 6,000 रुपये जातील, आणि तेही 1,300 रुपयांच्या सुटीपायी. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असल्यामुळे ते आरओमधूनच घ्यावे लागते आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाते. ज्या शहराने 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तिथे हा खर्च केवळ रुपयांत मोजणे मला जड जाते.

आता त्या आठांची नावे पाहा. ब्लू टँग पूर्ण वाढला की सुमारे 30 सेंटिमीटरचा होतो आणि आपली टाकीच मुळात 75 सेंटिमीटर लांब आहे. क्लाऊनफिशची एक जोडी जम बसला की दुसरीला टाकीत सुखाने राहू देत नाही, आणि डॅमसेल जागेसाठी इतरांच्या अंगावर धावून जातात. ही नावे खोडली की आठांतून दोनच उरतात, क्लाऊनफिशची एक जोडी. दुकानदार सूट देतो आहे ती मुख्यतः न टिकणाऱ्या माशांवर.

पंख्याचा सल्लाही मला पटत नाही. वाऱ्याने पाणी उडून टाकी दोन-चार अंशांनी थंड होते. पण मे महिन्यात बाहेर पारा 41-42 वर आणि खोलीत 35 अंश असताना 24 ते 27 अंश राखणे पंख्याच्या आवाक्यातले नाही. तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्यात वीज गेली तर हाताशी किती तास आहेत हे माशांच्या संख्येवर ठरते. नांदेडला माझ्या आतेभावाकडे अशाच एका रात्रीनंतर पहाटे मी टाकीपाशी उभा होतो. काठावर मिठाची पांढरी साय धरलेली, आणि सातही मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. दुपारपर्यंत त्यांतले दोन उरले.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी चिलर 28,000, मग एक जोडी 2,400. उरलेल्या 9,600 मधून 6,000 वर्षाच्या मिठासाठी बाजूला काढावेत आणि 3,600 मध्ये पाण्याची तपासणी किट व बॅटरीवरचा हवेचा पंप घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त टाकीचा पंप आणि लाटा करणारी मोटर जोडावी. त्या दोन्ही मिळून 20 वॉट घेतात. चिलर त्यावर लावू नये.

विजेचा अंदाजही लिहून ठेवा. चिलर 130 वॉटचा आणि दिवसाला बारा तास चालणारा धरला, तर दिवे-पंपांसह महिन्याला 71 युनिट होतात. आपला सध्याचा वापर 85 ते 90 युनिटांचा आहे, म्हणजे महावितरणच्या 100 युनिटांच्या पहिल्या टप्प्यापलीकडे आपण जाणार आणि वरच्या युनिटांना चढा दर लागणार. हा बोजा दर महिन्याला झेपतो का, ते आधी ठरवा.

जोडी टाकीत लगेच सोडू नये. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला नव्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. जोडी सोडल्यावर दोन महिने सुरळीत गेले, तर गोबी जातीचा एखादा लहान मासा घ्यावा आणि तिथे थांबावे. शोभेसाठी जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा कोणी देऊ केला तर घेऊ नये. दोन्हींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्या भानगडीत नोकरदार माणसाने पडू नये.

दुकानदार म्हणेल की ही सूट याच महिन्यापुरती आहे. तरीही दीड-दोन महिन्यांनी जाऊन एका जोडीचे 2,400 रुपये पूर्ण मोजून द्यावेत.