आगोतरा जामीन मिळतो, की मिळतात?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या महिला मंडळात कायद्याच्या एक प्राध्यापिका नव्या फौजदारी कायद्यांवर बोलून गेल्या. बऱ्याचशा गुजरातीत, थोड्या मराठीत. आता त्यांचं दुसरं व्याख्यान फक्त जामिनावर आहे आणि मराठी पत्रक लिहायचं काम ताईंच्या गळ्यात पडलंय. त्यांनी मथळा दिला, ‘आगोतरा जामीन कधी मिळतात?’ म्हणजे अटकेच्या भीतीने आधीच मागतात तो जामीन. पुण्याच्या जाऊबाईंनी फोनवरच दोन चुका काढल्या. ‘आगोतरा’ हा शब्द मराठी नाही, आणि जामीन मिळतो, मिळतात नव्हे. खरं कोणाचं?

वचनाबाबत जाऊबाईंचं खरं. मराठीत जामीन पुल्लिंगी, एकवचनी: जामीन मिळाला, फेटाळला, रद्द झाला. ताईंचं ‘मिळतात’ आलंय ते सकाळच्या गुजराती पेपरातून. तिथे ‘जामीन मळ्या’, ‘वचगाळाना (अंतरिम) जामीन मंजूर’ असंच छापतात, सगळं अनेकवचनात. गुजरातीत लग्नंसुद्धा ‘थयां’ असतात, म्हणून कोणी दोनदा बोहल्यावर चढल्याचं समजत नाही. बोलताना आपल्या बडोदेकर तोंडी ते बसलंय, बसू दे. छापताना मात्र ‘मिळतो’.

पण ताई, अनेकवचन मराठीतही एका ठिकाणी अगदी बरोबर ठरतं, आणि गंमत तिथेच आहे. ‘कोर्टाने दोन जामीन मागितले’ हे शुद्ध मराठी आहे. इथे जामीन म्हणजे माणसं. मूळ अरबी शब्द हमी घेणाऱ्या माणसाचाच. सुटकेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘मी त्याला जामीन राहिलो’ असं आपण म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ बोलत असतो. जुन्या मराठीत त्याचे प्रकारही होते. माणूस वेळेवर हजर राहील याची हमी देणारा तो हाजिरजामीन, पैशाची हमी घेणारा तो मालजामीन, चांगल्या वर्तनाची घेणारा तो फैलजामीन. ‘जामीनदार’ या शब्दाला काही जण नाकं मुरडतात, कारण जामीन हाच माणूस असताना त्याला वर आणखी ‘दार’ कशाला? माझं मत विचाराल तर तो वापरावा. सुटकेलाही जामीन आणि हमीदारालाही जामीन म्हटलं की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

हा गोंधळ नुसता शब्दांचा नाही. निकालपत्रात ‘पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एका जामिनावर सोडण्यात यावे’ असं वाक्य येतं, आणि घरचे लोक तीस हजार रोख घेऊन धावतात. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. पुढचा ‘जामीन’ म्हणजे तेवढ्या रकमेची जबाबदारी घेणारा दुसरा माणूस. त्या वेळी कोणी पैसे भरत नाही. आरोपी तारखेला आला नाही, तर रक्कम वसूल होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम २ मध्ये या तिन्ही गोष्टींच्या वेगळ्या व्याख्या दिल्या आहेत: अटींवर होणारी सुटका, हमीदारासह दिलेला बंध (बाँड, म्हणजे लेखी हमी) आणि हमीदाराशिवाय दिलेला बंध. १९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. प्राध्यापिकाबाईंना हे मराठीत सांगायचं असेल, तर त्यांना सुटका, जामीनदार आणि जातमुचलका असे तीन शब्द काढून द्या. त्यांचं निम्मं काम होईल.

आता ‘आगोतरा’. गुजरातीत आगोतरी म्हणजे वेळेआधीची, आगाऊ; शेतकरी पेरणीलाही लावतात. मराठीत पेपरांनी रुळवलेला शब्द ‘अटकपूर्व’. जाऊबाईंना तोच शुद्ध वाटतो, पण कायद्याच्या कसोटीला तो लागत नाही. अटकच झाली नाही, तर सोडायचं कोणाला? जुन्या संहितेच्या कलम ४३८ च्या आणि आताच्या कलम ४८२ च्या शीर्षकात असा जोडशब्द नाहीच. अटकेची भीती असलेल्याला जामीन देण्याचा निर्देश, एवढंच आहे. १९७६ साली बालचंद जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी ‘अँटिसिपेटरी बेल’ हे इंग्रजीतलं रूढ नावही चुकीचंच ठरवलं होतं. आदेश आधी मिळतो, पण जामीन लागू होतो तो अटक झाल्यावरच. म्हणजे आगाऊ असतो तो आदेश. त्या हिशेबाने ‘आगोतरा’ जास्त जवळचा आहे. ‘आगाऊ जामीन’ मात्र सुचवणार नाही. मराठीत आगाऊ कोणाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि हमीच्या शब्दांत बडोद्याला उसनवारीची गरज कधीच नव्हती. गायकवाडीत अरब जमादार, म्हणजे भाडोत्री अरब शिपायांचे नायक, लोकांच्या जीविताची, कर्जाची हमी घेत, तिला ‘बहांधरी’ म्हणत, म्हणजे बाह धरणं. १८०२ च्या सुमारास अरबांचा जोर मोडल्यावर ती कंपनी सरकारने आपल्याकडे घेतली. गुजरातीतली आजची ‘बांहेधरी’ तीच.

तेव्हा मथळा असा करा: ‘अटकपूर्व (आगोतरा) जामीन कधी मिळतो?’ पुण्याच्या पाहुण्याला पहिला शब्द कळेल, बडोद्याच्या फतेगंजातल्या मुलीला दुसरा. खाली बारीक अक्षरांत एक ओळ जरूर टाका: जामीन मिळणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं गेलं, असं तुम्हीच लिहिलंय. आणि पत्रकात ‘जामीनावर’ लिहू नका, ‘जामिनावर’ लिहा; जमीन-जमिनीवर, तसंच.