सिनेमा भावुक असतो का?

प्रश्न असा आला आहे : ताटातूट झालेलं जोडपं अनेक वर्षांनी पुन्हा भेटतं आणि त्यांना प्रेमाची दुसरी संधी मिळते, अशा एका सिनेमाच्या परीक्षणात ‘भावुक चित्रपट’ असं लिहिलं होतं आणि शेवटी ‘संमिश्र प्रतिसाद’. हे कौतुक समजायचं की टीका? ‘सेंटिमेंटल’ला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि ‘पुनर्मिलन’ लिहायचं की ‘पुनर्मीलन’?

‘भावुक’ हे मुळात माणसाचं विशेषण. भागवताच्या आरंभी ‘रसिका भुवि भावुकाः’ अशी श्रोत्यांना हाक आहे. तिथे भावुक म्हणजे रस चाखण्याची जाण असलेला. म्हणजे या शब्दाची जागा प्रेक्षकाच्या खुर्चीत. पुढे त्याला भाविकपणाची आणि हळवेपणाची छटा चिकटली, आणि हल्ली ‘निरोप देताना ते भावुक झाले’ हे वाक्य बातम्यांत हिंदीच्या वळणाने रुळलं आहे. मराठीत माणूस गहिवरतो, सद्गदित होतो, त्याचा कंठ दाटून येतो. पण इथेही भावुक होतो तो माणूसच. ‘भावुक चित्रपट’ म्हटलं की पडद्यानेच डोळे पुसल्यासारखं वाटतं.

‘भावनिक’ तर त्याहून निसरडा. आधार भावनिक असतो, आवाहन भावनिक असतं, गुंतवणूकही भावनिक असते. म्हणजे भावनेशी संबंध असलेलं काहीही. प्रेमपटाला भावनिक म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. ‘भावनाप्रधान’ निदान सांगतो की घटनांपेक्षा भावनेला वजन आहे, पण त्यात दोष-गुण नाही. ‘भावोत्कट’ ही सरळ दाद. ‘भावविवश’ पुन्हा माणसालाच लागतो. आणि इंग्रजीत ‘सेंटिमेंटल’ला आज जो हलकासा टोमणा चिकटला आहे, तो सुरुवातीपासून नव्हता, 18व्या शतकात तो शब्द नाजूक संवेदनशीलतेचं कौतुक म्हणून मिरवत होता. तेव्हा एकाच मराठी शब्दाने त्याचे सगळे मूड सांभाळावेत ही अपेक्षा त्या शब्दावर अन्याय करणारी आहे.

माझी पसंती ‘हळवा’ला. यात माया आहे आणि नाक मुरडायलाही जागा आहे. ‘सिनेमा हळवा आहे’ हे कौतुक, ‘फार हळवा आहे’ ही तक्रार, ‘उगाच हळवा होतो’ ही शिक्षा. शिवाय शेतीच्या भाषेत हळवं भात म्हणजे लवकर तयार होणारं भात, गरव्याच्या उलट. प्रसंग पिकायच्या आत अश्रू काढणीला आणणाऱ्या सिनेमाला यापेक्षा नेमका शब्द शोधून सापडणार नाही. तक्रार आणखी कडक करायची तर ‘भाबडा’, ‘बटबटीत’, ‘गळेकाढू’ हे आहेतच. मात्र भाबडेपणा कथेचा, बटबटीतपणा मांडणीचा आणि गळा काढणं पात्रांचं, एवढं भान ठेवावं.

पण या जातीच्या कथेसाठी खरा शब्दसाठा जुन्या काव्यशास्त्रात आहे, आणि परीक्षणं लिहिणारे तिकडे फिरकत नाहीत याचं मला नवल वाटतं. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने करुण रस आणि विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार, यांतला फरक एकेका शब्दात सांगितला आहे. करुण ‘निरपेक्ष’, विप्रलंभ ‘सापेक्ष’. आजच्या मराठीत निरपेक्ष प्रेम म्हणजे परतफेड न मागणारं, उदात्त प्रेम; भरताच्या लेखी निरपेक्ष म्हणजे जिथे पुन्हा भेटीची आशाच उरलेली नाही असं. सापेक्ष म्हणजे अजून आशा आहे. अश्रू दोन्हीकडे तेच, फरक फक्त आशेचा. दुसऱ्या संधीची प्रेमकथा ही सगळीच्या सगळी सापेक्ष. विश्वनाथाने साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विप्रलंभाचे चार प्रकार दिले आहेत : पूर्वराग (मीलनाआधीच जडलेली ओढ), मान, प्रवास आणि करुण. रुसव्यातून किंवा गैरसमजातून झालेली ताटातूट ‘मान’कडे जाते, दूरदेशी निघून जाण्याने झालेली ‘प्रवास’मध्ये. चौथा प्रकार तर दोघांपैकी एक परलोकी गेल्याचा, पण तरीही ‘पुनर्लभ्य’, पुन्हा मिळू शकेल असा. पुनर्लभ्य! दुसऱ्या संधीसाठी कुणी याहून नेटका शब्द दाखवावा.

या शब्दांनिशी पाहिलं की असे सिनेमे आवडणारे आणि न आवडणारे नेमके कशावरून भांडतात ते दिसतं. दोघांनाही शेवट आधीच माहीत असतो. एकाला त्या खात्रीमुळेच मधला विरह निवांत भोगता येतो. दुसरा म्हणतो, आशा कधी धोक्यातच आली नाही, मग मी रडू कशाला? म्हणजे एकाची ओढ तीच दुसऱ्याला ओढाताण वाटते.

इथेच ‘संमिश्र प्रतिसाद’ अपुरा पडतो. वर्तमानपत्रांनी हा शब्दप्रयोग बंदच्या बातम्यांत झिजवला आहे : काही दुकानं उघडी, काही बंद. सिनेमाच्या बाबतीत त्यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात. प्रत्येकाला तो अर्धामुर्धा आवडला, की निम्म्यांना जीव की प्राण आणि निम्म्यांना नकोसा? आकडेही ही गफलत करतात. समीक्षकांच्या मतांची गुणांत सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर सिनेमाला 100 पैकी 40 ते 60 गुण पडले की ‘मिश्र किंवा सरासरी’ अशी एकच पाटी लागते. 50 गुण सगळ्यांच्या कोमट मतांनी येतात तसेच टोकाच्या मतांनीही येतात. मराठीत यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत. पहिल्या स्थितीला ‘मत संमिश्र’ म्हणा, दुसरीला ‘सिनेमाबद्दल दुमत आहे’ म्हणा. हळव्या प्रेमपटांच्या वाट्याला बहुधा दुमत येतं. आणि प्रतिसाद व प्रतिक्रिया यांचीही सरमिसळ नको : तिकीट काढून येतो तो प्रतिसाद, पाहून झाल्यावर बोलतो ती प्रतिक्रिया. प्रतिक्रिया वाईट असूनही प्रतिसाद उदंड, असं या जातीत सर्रास घडतं.

तुम्ही वाचलेल्या परीक्षणाचं वाक्य मी असं लिहीन : ‘सिनेमा हळवा आहे, उत्तरार्धात गरजेपेक्षा जास्त, प्रेक्षकांत त्याबद्दल दुमत आहे.’

राहिला शेवटचा प्रश्न. छापलेली दोन्ही रूपं आढळतात. पण संस्कृतात ‘मिल्’ म्हणजे भेटणं आणि ‘मील्’ म्हणजे डोळे मिटणं. निमीलन, उन्मीलन हे दुसऱ्याचे. तेव्हा नायक-नायिकेचं पुनर्मिलन लिहावं. पुनर्मीलन हे रूप फार लांबलेल्या उत्तरार्धात प्रेक्षकांसाठी राखून ठेवायला हरकत नाही.